तुकडी पोहोचते ती शेवटच्या माणसाबरोबर

प्रति,
महाराष्ट्रातल्या लष्करी छावण्यांचे स्टेशन कमांडर साहेब आणि युनिटांचे कमांडिंग ऑफिसर साहेब,



विषय : छावणीतल्या सांघिक फिटनेस आणि सकस आहाराच्या स्पर्धांबाबत काही गाऱ्हाणी व विनंत्या.

मी एका सुभेदाराची पत्नी आणि शिक्षणानं आहारतज्ज्ञ. माहेर साताऱ्याकडचं. आमच्या भागात आपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथं घरागणिक फौजी सापडतो आणि मुलं शाळेत असल्यापासूनच भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळू लागतात. माझाही संसार छावण्यांमध्येच झाला. कधी पीस स्टेशनच्या क्वार्टरमध्ये, तर यजमान फील्डला असताना मुलांना घेऊन सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये.

या पत्राला निमित्त झालंय ते छावण्यांमध्ये भरणाऱ्या ‘वेलनेस चॅलेंज’चं. ऑर्डर निघते, टीम पडतात, मोबाईलवर पावलं मोजली जातात, महिनाभरानं मैदानावर शामियाना लागतो, ट्रॉफ्या वाटल्या जातात, फोटो निघतात. या उपक्रमाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. एकट्यानं सवय बदलणं जड जातं आणि चारचौघांच्या सोबतीनं तीच गोष्ट जमून जाते, हे फौजेइतकं कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तर इतकी चांगली कल्पना उरकून टाकलेली पाहिली की राग येतो. ट्रॉफी घेऊन जाणारे चेहरे दरवर्षी तेच असतात. ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं, ते मागच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात.

प्रश्न किती मोठा आहे हे आपण जाणताच. २०२४ मध्ये लष्करानं शारीरिक चाचण्यांचं धोरण कडक केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या, तेव्हा त्यामागचं कारण म्हणून वाढतं वजन आणि जीवनशैलीचे आजार यांचाच उल्लेख होता. मला काळजी आहे ती चाचणीच्या पलीकडची. जवान पंधरा-वीस वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आसपास घरी येतो. पीटी परेड थांबते, पण भूक आणि खाण्याची पद्धत तीच राहते. पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याला याच शरीरावर काढायची असतात. माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलीक्लिनिकमध्ये शुगर आणि बीपीच्या गोळ्यांसाठी बसलेली माणसं पाहा. एकेकाळी पाठीवर वजन आणि हातात रायफल घेऊन ही माणसं पाच किलोमीटर पळत होती. नोकरीत लागलेली सवयच गावी सोबत येते, आणि ती लावायची जागा छावणी हीच आहे.

आता एकेक गाऱ्हाणं मांडते.

पहिलं गाऱ्हाणं टीम पाडण्याचं आणि गुण देण्याचं. बहुतेक ठिकाणी सगळ्यांची पावलं एकत्र जोडतात आणि जिची बेरीज मोठी ती टीम जिंकते. मग काय होतं? दोन-तीन पळणारी पोरं रोज पंधरा-वीस हजार पावलं घालतात आणि बाकीचे त्यांच्या जिवावर निवांत राहतात. ज्या क्लार्कचा दिवस खुर्चीत जातो, ज्या स्टोअरकीपरचा गुडघा दुखतो, त्याला आपल्यावाचून काही अडत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळून चुकतं. टीम पाडतानाही तगडे तगड्यांना उचलतात. उरलेल्यांची शेवटची टीम होते आणि ती शेवटचीच राहते.

साहेब, रूट मार्चला निघालेली तुकडी पोहोचली असं आपण कधी म्हणता? पहिला जवान आला तेव्हा नाही. शेवटचा आला, त्याचा पिठ्ठू उतरला, माणसं मोजून झाली, तेव्हा. हाच नियम चॅलेंजला लावा, एवढीच माझी मागणी आहे. दहा जणांची टीम करा आणि त्यात पळणारे, बसून काम करणारे, तिशीतले, पंचेचाळिशीतले सगळे मिसळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. दहापैकी किती जणांनी हे केलं त्यावर गुण द्या. दहाही जणांनी केलं तर जादा गुण. मग बघा, जो पळतो तोच संध्याकाळी क्लार्कच्या दाराशी जाऊन उभा राहील आणि म्हणेल, चला, आज तुमची वीस मिनिटं राहिलीत.

अशा स्पर्धेतून माणूस पुढे येतो याचा दाखला आपल्याच घरात आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचिनला राहिला आणि लष्कराच्या अंतर्गत क्रॉसकंट्रीतून पुढे आला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक त्यानं मिळवलं. प्रत्येक जवान साबळे होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण स्पर्धेत उतरायची संधी मिळाली तरच कोण काय करू शकतो ते कळतं.

दुसरं गाऱ्हाणं लंगरचं, आणि ते मोठं आहे. व्यायामाचं चॅलेंज मैदानावर होतं, पण त्याची हार-जीत स्वयंपाकघरात ठरते. सकाळी पुरी-भाजी किंवा तेलात डुंबलेला पराठा, दोनदा-तीनदा गोड चहा, दुपारी भाताचा डोंगर, रात्री पुन्हा तेच. विशीतला रंगरूट दिवसभर घाम गाळतो, त्याला हे पचतं. ऑफिसात किंवा वर्कशॉपमध्ये बसणाऱ्या हवालदाराच्या पोटावर ते साठत जातं.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्याच वर्षी लष्करानं अर्धशतकाहून अधिक काळानंतर बाजरी, ज्वारी आणि नाचणी पुन्हा जवानाच्या शिध्यात आणायचा निर्णय घेतला. तांदूळ आणि कणकेच्या मंजूर प्रमाणापैकी २५ टक्क्यांपर्यंत भरडधान्याचं पीठ देता येईल असं ठरलं. बडाखान्यात, कॅन्टीनमध्ये आणि घरच्या स्वयंपाकातही ती वापरावीत असं सुचवलं गेलं. आम्हा सातारा-सोलापूरकडच्या लोकांना तर आनंदच झाला.

पण एका युनिटच्या लंगरमध्ये बाजरीचा दिवस मी जवळून पाहिला. कुक उत्तरेकडचा, हाताचा पक्का, माणूस कष्टाळू. त्यानं बाजरीचं पीठ कणकेसारखं गार पाण्यात एकदम भरपूर मळून ठेवलं आणि लाटण्यानं लाटायला घेतलं. कडा फाटल्या, उचलताना भाकरी मधोमध मोडली, तव्यावर कडक वडी झाली. जवानांनी तुकडे ताटात बाजूला सारले आणि भात मागितला. दोन-चार वेळा असं झालं की नाव बाजरीचं खराब होतं. दोष धान्याचा नाही, कुकचाही नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या बार्शीच्या वहिनींनी ते पीठ चिमटीत घेऊन चोळलं, वास घेतला आणि दोन गोष्टी लगेच सांगितल्या. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे ते दळल्यावर लवकर कडवट होतं. हे पीठ जुनं आहे. शिवाय पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय, आता गार पाण्यानं ते धरणार नाही, आधणाचं पाणी घालून मळावं लागेल, तेही एका वेळी एकाच भाकरीपुरतं, तळहातानं चांगलं रगडून. दोनशे माणसांच्या लंगरमध्ये हातावर भाकरी थापत बसणं शक्य नाही, हे त्यांनाही दिसत होतं. मग त्यांनी तिथंच तीन वाट्या कणकेत एक वाटी बाजरीचं पीठ मिसळून पोळ्या लाटून दाखवल्या. एकही फाटली नाही. तीनास एक म्हणजे नेमके २५ टक्के. जे प्रमाण कागदावर मंजूर आहे, तेच लाटण्याखालीही टिकतं.

म्हणून माझ्या मागण्या अशा. पीठ महिन्याचं एकदम न आणता थोडं थोडं, ताजं दळलेलं आणावं. लंगरच्या कुकना या धान्यांची कृती हातानं करून शिकवावी. छावणीतल्या महाराष्ट्र, कर्नाटक, राजस्थानच्या बायकांना यातलं सगळं येतं, त्यांना मानानं बोलवावं आणि मानधन द्यावं. सकाळच्या एका गोड चहाऐवजी नाचणीची ताकातली आंबील ठेवावी. आणि चॅलेंजचे निम्मे गुण लंगरला द्यावेत. कोणत्या कंपनीच्या लंगरनं महिन्याला तेल किती कमी वापरलं, भाजी-कोशिंबीर किती वाढवली, ताटात उष्टं किती राहिलं, हे सगळं स्टोअरच्या नोंदींवरून आणि रोजच्या कचऱ्यावरून कळतं. तिथं कुकचं नाव ट्रॉफीवर लिहा. आजवर कुणी कुकला फिटनेसची ट्रॉफी दिलेली मी पाहिलेली नाही.

लंगरचा विचार बाहेरच्या फौजांनीही केलाय. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं २०१३ च्या सुमारास काही निवडक तळांवर ‘हेल्दी बेस इनिशिएटिव्ह’ राबवलं. तिथल्या लष्करी भोजनगृहांत ‘गो फॉर ग्रीन’ नावाची पद्धतही आहे. प्रत्येक पदार्थासमोर हिरवी, पिवळी किंवा लाल खूण असते. हिरवं वरचेवर खावं, पिवळं बेतानं, लाल क्वचित. आपल्या लंगरच्या फळ्यावर रोजचा मेनू खडूनं लिहिलेला असतोच. त्याच फळ्यावर तीन रंगांचे खडू वापरायला खर्च काहीच येत नाही.

तिसरं गाऱ्हाणं कॅन्टीनचं. सीएसडी कॅन्टीनमध्ये शिरताच नजरेसमोर काय मांडलेलं असतं, हे एकदा साध्या वेशात जाऊन पाहावं. बिस्किटांचे फॅमिली पॅक, शीतपेयांच्या बाटल्या, नूडल्स. डाळी, दलिया, फुटाणे, भरडधान्याचे पदार्थ असतात, पण खालच्या फळीवर किंवा कोपऱ्यात. स्वस्त मिळतं म्हणून आम्ही घेतो आणि घरात आलं की मुलं संपवतात. मांडणी उलटी करा, चांगलं ते डोळ्यांच्या पातळीवर आणा. दारूबद्दलही स्पष्ट लिहिते. कार्डावरचा कोटा दर महिन्याला उचलायलाच हवा, नाहीतर वाया गेला, ही समजूत घराघरांत आहे. चॅलेंजच्या काळात जो कोटा उचलणार नाही त्याच्या टीमला गुण द्या. तंबाखू आणि गुटखा सोडणाऱ्याला त्याहून जास्त द्या, कारण ते सोडणं पळण्यापेक्षा अवघड आहे.

चौथं गाऱ्हाणं आम्हा बायकांचं. चॅलेंजमध्ये आमचा भाग म्हणजे उद्घाटनाला साडी नेसून येणं आणि समारोपाला टाळ्या वाजवणं. मध्ये कधी वेलफेअर मीटमध्ये झुंबा ठेवतात, तोही अशा वेळी की मुलांची बस यायची असते. यजमान फील्डला असताना सेपरेटेड क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बाईचं जेवण कसं असतं ते मला विचारा. मुलांना वाढून उरलेलं उभ्या-उभ्या खायचं, फोन येईपर्यंत जागायचं, जाग राहावी म्हणून चहा-बिस्किटं. तिचं वजन वाढतं, पाठ धरते, मन उदास होतं आणि एम.आय. रूममध्ये ती जाते ती मुलाच्या खोकल्यासाठी, स्वतःसाठी नाही. तिला टीममध्ये घ्या. वेळ मुलं शाळेत असताना ठेवा, लहान मुलांना सांभाळायची सोय जवळच करा. नवऱ्याची रँक मैदानाबाहेर राहू द्या. शिपायाची बायको आणि कर्नल साहेबांच्या मेमसाहेब एकाच टीममध्ये, एकाच रांगेत चालू द्या. आणि यायची सक्ती नको. सक्तीनं आलेली बाई दुसऱ्यांदा येत नाही.

पाचवं गाऱ्हाणं त्यांचं, ज्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही. आयुध कारखान्यांत, डेपोंमध्ये, एमईएसमध्ये, मेसमध्ये, कॅन्टीनच्या काउंटरवर काम करणारे सिव्हिलियन कर्मचारी. खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर, कुठंही जा, सकाळी त्याच गेटमधून हजारो माणसं आत येतात. त्यांच्यासाठी ना पीटी, ना चॅलेंज. शिफ्टच्या आठ तासांत यंत्रापुढे उभं राहायचं, डबा संपवून पुन्हा यंत्रापुढे. फिटनेस ही गणवेशाची मक्तेदारी नाही. मिश्र टीममध्ये दोन जागा त्यांच्यासाठी राखा. जेवणाच्या सुट्टीला जोडून पंधरा मिनिटं चालायची मोकळीक द्या आणि ती हजेरीत धरा.

सहावं गाऱ्हाणं भीतीचं, आणि हे सर्वांत नाजूक. आमच्या एका स्टेशनात चॅलेंजच्या सुरुवातीला सगळ्यांचं वजन मैदानावर घेतलं आणि आकडे माईकवर वाचून दाखवले. हशा पिकला. त्यानंतर ज्यांची नावं हशात निघाली ते पुन्हा मैदानावर फिरकले नाहीत. शेप-वन ही वैद्यकीय कॅटेगरी गेली तर प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर परिणाम होतो, हे प्रत्येक जवान जाणतो. म्हणून शुगर वाढल्याची शंका आली तरी तो सिक रिपोर्ट करत नाही, बाहेरच्या डॉक्टरकडे गुपचूप जातो किंवा जातच नाही. चॅलेंजनं ही भीती कमी करायची की वाढवायची, हे आपल्या हातात आहे.

माझी विनंती अशी, की चॅलेंजमधले वजन, कंबर, रक्तदाब यांचे आकडे त्या माणसाकडे आणि डॉक्टरकडेच राहावेत. त्यांचा रेकॉर्डशी आणि शिक्षेशी संबंध नसावा, तसं ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहावं. गुण द्यायचे ते नियमित तपासणी करून घेतल्याचे द्यावेत, आकड्याचे नकोत. वजनासोबत कंबरेचं माप घ्या. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. कसलेल्या पैलवान जवानाचं वजन जास्त भरतं म्हणून त्याला लठ्ठ ठरवणं आणि सडपातळ हातापायांवर पोट सुटलेल्याला ठीक म्हणणं, हा घोटाळा त्यानं टळेल. आणि रात्रीच्या गार्ड ड्युटीवरून उतरलेल्या माणसाला सकाळी पावलांसाठी पिटाळू नका. त्याची झोप पूर्ण झाली तर त्यालाही गुण द्या. अपुरी झोप भूक आणि वजन दोन्ही वाढवते.

सातवं आणि शेवटचं गाऱ्हाणं मुदतीचं. महिनाभर धावपळ, मग समारोप, आणि समारोपाच्या चहापानात काय? समोसे, गुलाबजाम, शीतपेयाचे ग्लास. आहाराचं बक्षीस देऊन त्याच हातात समोसा ठेवायचा, यानं मुलंसुद्धा काय शिकायचं ते शिकतात. चॅलेंज निदान बारा आठवड्यांचं करा आणि खरा निकाल त्यानंतर सहा महिन्यांनी लावा: सवय कुणाची टिकली? बक्षीस सगळ्यांच्या उपयोगाचं असू द्या. जिंकलेल्या कंपनीच्या लाइनीत सायकल स्टँड, क्वार्टरमागे परसबागेला पाणी, लेडीज क्लबला व्यायामाच्या चटया. आणि आपली बदली होण्याआधी हे सगळं स्टेशनच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये घाला. एक सीओ साहेब उत्साहानं सुरू करतात, ते गेले की कल्पनाही जाते, हे आम्ही कितीदा पाहिलंय.

यासाठी बाहेरून कुणाला आणायची गरज नाही. आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंग पुण्यात आहे. २००१ पासून ऑलिंपिकसाठी खेळाडू घडवणारी आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट पुण्यात आहे. लष्करी वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी पुण्यात आहे. पदकासाठी लागणारं व्यायामाचं आणि आहाराचं ज्ञान जर या एका शहरात इतकं साठलं असेल, तर त्यातलं थोडं खडकीच्या क्लार्कपर्यंत, देवळालीच्या कुकपर्यंत आणि कामठीच्या क्वार्टरमधल्या बाईपर्यंत पोहोचायला हवं. या संस्थांतून आठवड्याला एक प्रशिक्षक आणि एक आहारतज्ज्ञ स्टेशनवर आला तरी चॅलेंजचं रूप बदलेल.

एकदम सगळं होणार नाही हे मलाही कळतं. आपल्यापुढे याहून मोठी कामं आहेत. म्हणून आधी एकच कंपनी निवडा, दहा-दहाच्या मिश्र टीम करा, एक लंगर सुधारा, आकडे गुप्त ठेवा आणि गुण शेवटच्या माणसापासून मोजायला सुरुवात करा. बारा आठवड्यांनी काय फरक पडला ते त्या कंपनीच्या जवानांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारा. उत्तर पटलं तर बाकीच्या कंपन्यांना ऑर्डर काढायची वेळच येणार नाही, त्या आपणहून मागणी करतील.

लंगरमध्ये येऊन शिकवायला मी तयार आहे. शेजारच्या बार्शीच्या वहिनीही तयार आहेत. आमच्यासारख्या कितीतरी जणी प्रत्येक छावणीत आहेत. फक्त बोलावणं टाळ्या वाजवण्यासाठी नसावं, कामासाठी असावं.

आपल्या उत्तराची आणि त्याहून जास्त, पुढच्या चॅलेंजच्या ऑर्डरची वाट पाहते.



जयहिंद.

आपली नम्र,
एका सुभेदाराची पत्नी आणि छावणीतली एक आहारतज्ज्ञ